उंटाचे शुक्रवार

आधी माणूस सांगतो, मग काय घडलं ते. मला सावरलं ते जीजींनी. उज्जैनला माधव नगरात त्यांचं घर आहे आणि गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. त्यांचं पूर्ण नाव लिहीत नाही, कारण तसं त्यांनीच बजावलंय. "कागदावर नाव साहेबाचं असतं," म्हणतात. "आपली फक्त रेघ असते."

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. कारण ऐकून लोक हसतात, पण खरं तेच आहे: उंची. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून मला पहिलीपासून शेवटच्या बाकावर बसवलं. तिथून मला फळा कधी नीट दिसलाच नाही. मलाही वाटायचं, सगळ्यांना तो तसाच धुरकट दिसत असेल. मग आडतीवर पोती उचलायला लागलो. तिथून एका टेंटवाल्यानं इकडं आणलं, मंडपाचं छत बांधायला. मला शिडी लागत नाही म्हणून. जिथं गेलो तिथं लोकांनी आधी मान वर करून बघितलं आणि मग काम सांगितलं.

जीजींनी तसं केलं नाही. खोली बघायला गेलो तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या. ठेंगणी बाई, कानावर पेन्सिल. माझ्या चेहऱ्याकडं न बघता हातांकडं बघत म्हणाल्या, "हातानं काय येतं तुला?"

"पोती उचलतो."

"ती पाठीनं उचलतात. मी हाताचं पूछलं."

  खोली गेली असं धरून मी पिशवी उचलली, तर म्हणाल्या, "जातो कुठं? येत नाही तर नाही. बहुत टाइम आहे."

खोलीचं दार बुटकं. पहिल्या आठवड्यात तीनदा कपाळ फुटलं. चौथ्या दिवशी कामावरून आलो तर चौकटीला दोऱ्यानं एक घुंगरू टांगलेलं. केसांना घुंगरू लागलं की समजायचं, पुढं चौकट आहे. घुंगरू वाजलं की खालून स्वयंपाकघरातून आवाजही यायचा, "झुक!" आज इतकी वर्षं झाली, मी आपोआप वाकतो, तरी त्या ओरडतात.

जीजी सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर होत्या. म्हणजे साहेबानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघेवर शाईची रेघ ओढायची. चौतीस वर्षं तेवढंच काम. त्यांचे पूर्वज दरबारात कागदांच्या नकला करायचे. "आमचं पूर्ण खानदानच नक्कलवालं," त्या मोठ्यानं हसून सांगतात. "सहा पिढ्यांत कोणी स्वतःचं एक वाक्य नाही लिहिलं, भैया."

रिटायर झाल्यावर पुण्याच्या भाच्यानं जुना लॅपटॉप दिला. त्यावर त्यांना कुठून तरी तो खेळ सापडला. इंटरनेटवरचा बास्केटबॉल, पण खेळायचा नाही, चालवायचा. तुमची एक टीम असते, आकड्यांची माणसं असतात. मॅच कॉम्प्युटर खेळतो, तुम्ही फक्त कोणाला कुठं उभं करायचं आणि आठवडाभर काय शिकवायचं ते ठरवता. समोर देशोदेशींचे लोक अशाच टीमा घेऊन बसलेले.

जीजींनी बॉलला आयुष्यात हात लावलेला नाही. मी एकदा भीतभीत तसं बोललो, तर म्हणाल्या, "एवढे पूल काढले मी. त्यातल्या एकावरून तरी गेले का?"

आता या खेळातली एक अडचण समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. आठवड्याला टीमला एकच गोष्ट शिकवता येते. पासिंग म्हणा, नेम म्हणा, रिबाउंड म्हणा, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू उडी मारून पकडणं. आणि ती शिकतो फक्त तोच, जो त्या आठवड्यात त्या जागेवर पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटं खेळला. पासिंग शिकायचं तर पुढं उभं राहून चेंडू वाटणाऱ्या चपळ, बुटक्या गड्याच्या जागी खेळावं लागतं. शुक्रवारी निकाल येतो: कोण किती वाढला. वाढला तर हिरवा बाण.

जीजींकडं एक अठरा वर्षांचा पोरगा आला होता, सात फूट एक इंच. त्याचं त्या खेळानं दिलेलं लांबलचक नाव कोणी घेत नसे. त्या त्याला उंट म्हणायच्या. कोणीही शहाणा माणूस अशा पोराला बास्केटखाली उभा करेल, उड्या मारायला शिकवेल. जीजींनी त्याला पासिंग शिकवायला घेतलं. म्हणजे दर मॅचला सात फुटी उंट बुटक्यांच्या जागी उभा, आणि टीम दर मॅचला सपाटून हरायची.

"उंची त्याच्याजवळ आहेच ना," त्या म्हणायच्या. "ती काय पळून जाऊन राहिली? जे आहे ते शिकवून काय फायदा? जे नाही ते शिकव."

खेळात आणखी एक बात होती. देशाचा ज्युनियर संघ असतो, बावीस वर्षांच्या आतल्यांचा. त्याचा मॅनेजर म्हणजे आपल्यासारखाच कोणी घरबसल्या खेळणारा, कोइमतूरकडचा होता. त्यानं जीजींना कळवलं होतं: उंच पोरं माझ्याकडं ढीगभर आहेत, पास देणारा उंच एकही नाही. तुमच्या पोराचं पासिंग बावीसच्या आत अमुक पायरीला पोचलं तर घेतो. खेळातलं वर्ष चौदा आठवड्यांचं. चार वर्षं म्हणजे छप्पन्न शुक्रवार. त्यात बसलं तर बसलं, नाहीतर उंट म्हातारा.

मग जीजींनी नकाशा काढला. टावर चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात ट्रेसिंग पेपरचा रोल आणायला मला बरोबर नेलं, वरच्या फळीवरचा काढायला. दुकानदार धूळ झटकत म्हणाला, "बाईजी, ये अब कौन लेता है? मकान बन रहा है क्या?"

"मकान नहीं भैया," जीजी म्हणाल्या. "लड़का बन रहा है."

तो माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "और कितना बनाओगे?"

एका गोष्टीला एक कागद. पासिंगचा वेगळा, चेंडू हाताळण्याचा वेगळा, दमाचा वेगळा. प्रत्येकावर छप्पन्न चौकोन आणि त्यातून चढत जाणारी रेघ. पायऱ्यांना त्यांनी स्वतःची नावं दिली: कोरा, कच्चा, जेमतेम, बरा, चांगला, सुरेख, अव्वल. उंटाचं पासिंग कच्चा होतं, सुरेखला न्यायचं होतं. सगळे कागद एकावर एक ठेवून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर चिकटवायच्या. मागून ऊन आलं की सगळ्या रेघा एकदम दिसायच्या आणि कोणत्या आठवड्यात कोण मागं राहतंय ते कळायचं. चोपन्नाव्या शुक्रवारी पासिंग सुरेख, शेवटचे दोन दमासाठी. नुसता शिकलेला पण धापा टाकणारा गडी काय कामाचा? एवढं घट्ट आखलेलं. मधे एकही रिकामा चौकोन नव्हता.

"हा पहिला नकाशा आहे," त्या एकदा चहा ढवळताना सहज बोलल्या, "ज्याच्या खाली दुसऱ्याचा नकाशा नाही."

मी तेव्हा हसलो होतो. त्याचं मला आज वाईट वाटतं.

त्या मला रेघ मारायला शिकवायच्या. श्वास सोडत मारायची, घेत नाही. पेन ओढायचं, ढकलायचं नाही. पहिल्याच दिवशी मी कागदाच्या इतका जवळ वाकलो की त्यांनी माझी मान मागं ओढली. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात नेलं. चोविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा समोरच्या दुकानाची पाटी बसल्या जागेवरून वाचता आली. मी रस्त्यातच रडायला लागलो. जीजी वैतागल्या. "रडतो कशाला? पाणी लागून काच खराब होते."

टीम हरली की दुनियेतून चिडवणारे निरोप यायचे. एकानं लिहिलं होतं, तुमचा उंट चुकीच्या वाळवंटात आहे. जीजी प्रत्येकाला एकच उत्तर पाठवायच्या, भाच्याकडून इंग्रजी करून घेऊन: "शुक्रवारी बघू." हरलेल्या रात्री त्या छान झोपायच्या. मी मात्र तळमळायचो. माझा स्वभावच तसा. परक्या गावात माणसाला वाटतं, कुठंतरी काहीतरी हरलं की आपल्याला जा म्हणतील.

त्या हिवाळ्यात जीजींच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवाही अधूच. डॉक्टरांनी तीन आठवडे स्क्रीन बघायची नाही असं सांगितलं. जीजी डॉक्टरांचं अक्षरन्‌अक्षर पाळतात. हिरवी पट्टी बांधून त्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "तीन शुक्रवार तुझ्या हातात. काही करायचं नाही. नकाशात आहे तसंच भरायचं. आणि शाईची रेघ तूच चढवायची."

पहिला आठवडा मी नकाशाप्रमाणं भरला. चारचारदा तपासला.

दुसऱ्या आठवड्यात शनिवारची मॅच अशी होती की हरलो तर टीम खालच्या गटात जाणार. समोरच्यानं निरोप पाठवला, खाली जाताना उंटाला सांभाळा. मी तो जीजींना वाचून दाखवला नाही. मला वाटलं, डोळे उघडतील तेव्हा पहिलं काय दिसेल यांना? टीम खाली गेलेली. ती पण माझ्या हातून. मी तासभर घाम पुसत बसलो आणि शेवटी उंटाला उचलून बास्केटखाली उभा केला. जिथं उंची बघून सगळ्यांनी मला उभं केलं होतं तिथं.

आणि आम्ही जिंकलो. बावीस गुणांनी! मी गच्चीत जाऊन एकटाच नाचलो. खोलीत शिरताना घुंगरू वाजलं. खालून आवाज आला, "झुक!"

शुक्रवारी निकाल आला. उंट पासिंगच्या जागेवर खेळलाच नव्हता, तर शिकणार काय? एक चौकोन कोरा. खाली जीजींनी विचारलं, "काही?" मी म्हणालो, "आज बाण नाही." ते खरंच होतं. बाण काही दर शुक्रवारी येत नाही. पण मला पुढचा शुक्रवार दिसायला लागला. आणि घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. पुढच्या आठवड्यात हिरवा बाण दिसावा म्हणून उंटाला बास्केटखालचा नेम शिकायला लावला. उंचीमुळं तो त्यात झटकन वाढणार होता. वाढलाही.

"आज?" जीजी पट्टीआडून म्हणाल्या.

"बाण आहे जीजी. उंटाला."

"कशात?"

"पासिंगमध्ये."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथंच जमीन फाटावी असं वाटलं. "क्या बात है! लवकर आला. चढव रेघ."

मी चढवली. कागदावर, काळ्या शाईनं, एक पायरी वर.

पट्टी सुटली त्या सकाळी नवीन चष्मा घालून त्या आधी लॅपटॉपकडं गेल्याच नाहीत. खिडकीशी गेल्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं. बोट रेघेवरून सरकत आलं आणि तिसाव्या चौकोनाच्या पुढं थांबलं.

"इथं हात का कापला?"

मी म्हणालो, "थंडी होती."

"थंडीत पूर्ण रेघ कापते. ही फक्त चढतानाच कापली." त्या वळल्या. नवीन चष्म्यातून डोळे केवढे मोठे दिसत होते! "बोल."

मी सगळं सांगितलं. मॅच, निरोप, नेम, बाण.  त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जिंकलो आपण?"

"हो. बावीस गुणांनी."

"तुला कोणी सांगितलं होतं जिंकायला?" त्या इतक्या हळू बोलल्या की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला खाली जायचं होतं. खाली टीमा कमजोर असतात, उंट बुटक्यात उभा राहिला तरी निभतं. मी हरायचं ठरवलं होतं रे. नकाशात होतं ते."

त्या आत गेल्या. मी वर आलो, पिशवीत दोन शर्ट भरले. कुठं जायचं ते माहीत नव्हतं. नानाखेड्याच्या स्टँडवरून परभणीकडं काय जातं, किती वेळा गाडी बदलायची, तेच आठवत बसलो. तेवढ्यात खालून हाक आली.

"उंट! खाली ये. कागदाचं टोक धरायला कोणी नाही इथं."

मला त्या पहिल्यांदा उंट म्हणाल्या होत्या.

टेबलावर पासिंगचा कागद पसरलेला. हातात दाढीचं अर्धं ब्लेड. ट्रेसिंगवरची शाई खोडरबरानं जात नाही. ब्लेड आडवं धरून ती हलकेच खरवडायची, धुळीसारखी भुकटी फुंकायची आणि जागा नखानं घोटून गुळगुळीत करायची. नाहीतर नवी शाई तिथं फुटते. त्यांनी दोन इंच खरवडलं आणि ब्लेड माझ्या हातात दिलं. "बाकीचं तू. तुझी रेघ आहे."

मी ब्लेड कागदाजवळ नेलं. "फाटला तर?"

"पहिल्यांदा नाही फाटत. दुसऱ्यांदाही सहन करतो. तिसऱ्यांदा भोक पडतं." मग जरा थांबून, "माणसाचंही तसंच समज. तुझं एकदा झालं."

खरवडून झाल्यावर त्यांनी दमाचा कागद ओढला. शेवटचे दोन चौकोन. बराच वेळ त्याच्याकडं बघत बसल्या. ते दोन आठवडे आता पासिंगला द्यावे लागणार होते. उंट शिकून तयार होईल, पण धापा टाकत. आणि त्याच्या हाती ज्युनियर संघाची एकच मॅच उरेल, शेवटच्या शुक्रवारनंतरचा रविवार. त्यांनी तेही चौकोन स्वतः खरवडले. 

त्यानंतर आम्ही एकही मॅच जिंकलो नाही, देवाच्या दयेनं. मी दर आठवड्याला आकडे भरायचो, त्या तपासायच्या. त्याच दिवसांत टेंटवाल्या शेठनं माझ्या वहीत मंडपाचा आराखडा बघितला. खांब कुठं, जायची वाट कुठं, मी जीजींच्या पद्धतीनं आखलेला. म्हणाला, "ये किसने बनाया?" तेव्हापासून मी छत बांधत नाही. कुठं काय उभं राहणार ते काढतो. जीजींना सांगायला धावत गेलो, तर म्हणाल्या, "अच्छा झालं. आता हातानं काय येतं ते सांगता येईल. बस, गुरुवार आहे आज, आकडे तपास."

छप्पन्नाव्या शुक्रवारी आम्ही दोघं लॅपटॉपपुढं बसलो. जीजींनी पोहे केले होते, दोघांनी खाल्ले नाहीत. मी चष्मा काढून ठेवला, मला बघवेना.

"घाल चष्मा," त्या म्हणाल्या. "एवढे पैसे कशाला घातले?"

हिरवा बाण होता. पासिंग. सुरेख.

जीजी हसल्या नाहीत. उठल्या, पेन घेतलं, श्वास सोडला आणि शेवटची रेघ ओढली. केसाइतकीसुद्धा कापली नाही.

कोइमतूरवाल्यानं शब्द पाळला. रविवारी परत पोहे झाले आणि उंट देशाकडून खेळला. खेळ म्हणजे पडद्यावर एकेक ओळ येते, कोणी चेंडू दिला, कोणी टाकला. उंटानं तीन पास असे दिले की तिन्हीवर बास्केट झालं. जीजी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत होत्या. मग ओळ आली: दमला, बाहेर. नऊ मिनिटं झाली होती.

मी खाली मान घातली. दम शिकवायचे ते दोन आठवडे मी खाल्ले होते.

जीजींनी लॅपटॉप मिटला, खिडकीशी गेल्या. उन्हात ती खरवडलेली जागा अजून दिसते, कागद तिथं थोडा धुकट झालाय, आणि त्या धुकट जागेवरून नवी रेघ सरळ गेलेली आहे. "नऊ मिनिटं," त्या म्हणाल्या. "सहा पिढ्यांत पहिली." आणि थंड झालेले पोहे घेऊन बसल्या.

आता नवीन पोरगा आलाय. या वेळी बुटका. जीजी त्याला रिबाउंड शिकवतायत आणि टीम परत सगळ्या दुनियेत हसं करून घेतेय. नवा नकाशा खिडकीत लागलाय. पुढच्या हिवाळ्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. परवा त्यांनी मला न विचारताच त्या तीन शुक्रवारांच्या चौकोनांत पेन्सिलीनं माझ्या नावाचं पहिलं अक्षर घातलं.

जीजी, मी तुमचे दोन आठवडे देणं लागतो. ते मी एक दिवस फेडणार. पट्टी बांधून तुम्ही खुर्चीत बसाल तेव्हा कोणी कितीही चिडवो, मला कितीही भीती वाटो, मी प्रत्येक मॅच हरेन. नकाशात आहे तशी, न कापता.